वॉरंटीतील इंजिन किंवा गिअरबॉक्स: दुरुस्ती योग्य की बदली?

पॉवरट्रेन म्हणजे इंधनातील किंवा बॅटरीतील ऊर्जा चाकांपर्यंत पोहोचवणारी सगळी यंत्रणा. त्यात इंजिन, गिअरबॉक्स, प्रोपेलर शाफ्ट (जोर मागच्या चाकांकडे नेणारा दांडा), डिफरन्शियल (वळताना दोन्ही बाजूंच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जुळणी) आणि ड्राइव्ह शाफ्ट येतात. विजेच्या गाडीत मोटर, इन्व्हर्टर (बॅटरीची वीज मोटरला चालेल अशी बदलणारा), रिडक्शन गिअर (मोटरचा वेग कमी करून जोर वाढवणारा) आणि बॅटरी पॅक येतात. वॉरंटीच्या मुदतीत यांपैकी काही बिघडले की मालकाला वाटते, संपूर्ण इंजिनच नवे मिळावे. कंपनीला वाटते, एखादा सुटा भाग बदलून काम भागावे. दोघांचीही सुरुवात चुकीच्या टोकाकडून होते, कारण बिघाड कुठे आहे, किती पसरला आहे आणि कशामुळे झाला आहे हे कळल्याशिवाय दुरुस्ती की बदली या प्रश्नाला अर्थच नसतो.

एक गोष्ट आधीच समजून घ्यावी. बहुतेक वॉरंटीपत्रांत दुरुस्ती करायची की भाग बदलायचा हे ठरवण्याचा अधिकार कंपनीने स्वतःकडे राखून ठेवलेला असतो. मालकाच्या हाती उरते ते निदान पूर्ण करवून घेणे, त्याची नोंद मागणे आणि निर्णयाचे कारण लेखी घेणे. हे तिन्ही नीट झाले तर निर्णय सहसा योग्य बाजूला जातो, आणि गेला नाही तर पुढे दाद मागण्यासाठी हाताशी कागद असतो.

पहिली पायरी: गाडी थांबवा आणि पुरावा जपा

ऑइलच्या दाबाचा लाल दिवा लागला, तापमानाचा काटा लाल पट्ट्यात गेला किंवा इंजिनातून धातूवर धातू आपटल्यासारखा आवाज येऊ लागला, तर सुरक्षित जागी गाडी उभी करून इंजिन बंद करावे. हे यंत्रासाठी आवश्यक आहेच, पण क्लेमसाठीही आहे. इशारा मिळाल्यानंतर गाडी चालवत राहिल्याने वाढलेले नुकसान जवळजवळ प्रत्येक वॉरंटी नाकारते. आवाज कसा येतो ते दाखवण्यासाठी इंजिन पुन्हापुन्हा सुरू करू नये. एकदा मोबाइलवर ध्वनिचित्रण करून ठेवावे, त्यात मीटरवरील किलोमीटर आणि लागलेले दिवे स्पष्ट दिसू द्यावेत. बॅटरीची तार काढून दिवे घालवण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मुळीच मानू नये. बिघाड झाला त्या क्षणीचा वेग, तापमान आणि इंजिनावरील भार यांची नोंद गाडीच्या संगणकात बिघाडाच्या कोडसोबत (दोष ओळखण्यासाठी संगणकाने नोंदलेल्या क्रमांकासोबत) साठलेली असते, आणि कोड पुसले की बहुधा तीही जाते. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची, चारही चाकांना जोर देणारी किंवा विजेची गाडी चारही चाके जमिनीपासून उचलून, म्हणजे फ्लॅटबेडवरूनच (सपाट पाठीच्या ट्रकवर चढवूनच) न्यावी.

दुसरी पायरी: वॉरंटीपत्र वाचा

मुदत आणि किलोमीटर यांपैकी जे आधी संपेल ते लागू होते, हे बहुतेकांना ठाऊक असते. कमी ठाऊक असते ते हे की गाडीची सर्वसाधारण वॉरंटी आणि पॉवरट्रेनची वॉरंटी पुष्कळदा वेगवेगळ्या असतात. दुसरी अधिक काळ चालते, पण ती मुख्यतः ऑइलमध्ये फिरणाऱ्या अंतर्गत भागांपुरती असते. त्यामुळे सर्वसाधारण वॉरंटी संपल्यावर क्रँकशाफ्टचा (पिस्टनच्या हालचालीने फिरणाऱ्या मुख्य दांड्याचा) सेन्सर बिघडून इंजिन बंद पडले, तर 'इंजिन बंद पडले' असूनही तो खर्च पॉवरट्रेनच्या वॉरंटीत न बसण्याची शक्यता असते. क्लच प्लेट, फिल्टर, स्पार्क प्लग आणि ऑइल हे झिजणारे किंवा वापरात संपणारे घटक म्हणून वगळलेले असतात. मात्र वॉरंटीतील भाग बदलताना लागणारे ऑइल, कूलंट आणि गॅस्केट कंपनीने द्यायचे की मालकाने, हे कलम वेगळे शोधावे. वाढीव वॉरंटी घेतलेली असेल तर ती गाडीच्या कंपनीची आहे की विमा कंपनीची हे पाहावे, कारण दुसऱ्या प्रकारात प्रत्येक क्लेमला रकमेची मर्यादा असू शकते आणि वापरलेला भाग बसवण्याची मुभाही असू शकते.

कंपनीने स्वेच्छेने दिलेली वॉरंटी आणि कायद्याने विक्रेत्यावर टाकलेली जबाबदारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. युरोपीय संघाच्या २०१९ च्या निर्देशानुसार सदोष वस्तूच्या बाबतीत दुरुस्ती की बदली ही निवड ग्राहकाची असते, फक्त ती अशक्य किंवा अवाजवी खर्चाची नसावी. भारतातील २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली ग्राहक आयोग दोष दूर करण्याचा, वस्तू बदलून देण्याचा किंवा किंमत परत करण्याचा आदेश देऊ शकतो. अमेरिकेत १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्यामुळे अमुकच ब्रँडचे भाग किंवा अमुकच ठिकाणची सर्व्हिस विकत घेण्याची सक्ती वॉरंटीची अट म्हणून सर्वसाधारणपणे करता येत नाही. वॉरंटीपत्रात जे नाही ते कायद्यात असू शकते, म्हणून आपल्याला लागू असलेला कायदा एकदा पाहून घ्यावा.

तिसरी पायरी: जॉब कार्डवर तक्रार नेमकी लिहून घ्या

'इंजिनातून आवाज येतो' एवढेच जॉब कार्डवर (वर्कशॉप गाडी घेताना तक्रार नोंदवते त्या कागदावर) लिहिले गेले, तर तंत्रज्ञ गाडी सुरू करून ऐकतो, आवाज आला नाही तर 'दोष आढळला नाही' असा शेरा पडतो आणि तो शेरा पुढे प्रत्येक वेळी आडवा येतो. त्याऐवजी असे लिहून घ्यावे: 'इंजिन पूर्ण तापल्यावर, तिसऱ्या गिअरमध्ये चढावर ॲक्सिलरेटर दाबल्यास खालच्या बाजूने ठोका येतो, पाय काढल्यावर आवाज बदलतो, थंड असताना येत नाही.' या एका ओळीने तंत्रज्ञाला कनेक्टिंग रॉडच्या (पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणाऱ्या दांड्याच्या) बेअरिंगची शंका घेण्यापुरती माहिती मिळते. आवाज अधूनमधून येत असेल, तर तंत्रज्ञाला शेजारी बसवून तो येतो त्याच परिस्थितीत गाडी चालवून दाखवावी आणि तसे घडल्याची नोंद करून घ्यावी.

चौथी पायरी: निदान पूर्ण होऊ द्या

या पायरीवर घाई करणारा मालक आणि घाई करणारे वर्कशॉप दोघेही पुढे पस्तावतात, म्हणून येथे थोडे सविस्तर लिहितो.

स्कॅनरवर दिसणारा कोड म्हणजे निदान नव्हे. पी ०३०१ हा कोड पहिल्या सिलिंडरमध्ये ज्वलन चुकते आहे एवढेच सांगतो. ते कॉइलमुळे चुकते, इंजेक्टरमुळे, जळालेल्या व्हॉल्व्हमुळे की तुटलेल्या पिस्टन रिंगमुळे, हे तो सांगत नाही. यांपैकी पहिली दोन कारणे थोड्या वेळाची दुरुस्ती आहेत आणि शेवटचे कारण इंजिन उघडायला लावणारे आहे. पी ०७०० हा कोड तर गिअरबॉक्सच्या नियंत्रकाकडे काही तक्रार नोंदली गेली आहे, तिथे जाऊन पाहा, एवढाच निरोप देतो. फक्त त्याच्या आधारावर गिअरबॉक्स बदलायचा प्रस्ताव कोणी पाठवत असेल तर मालकाने आनंदी होण्याचे कारण नाही, कारण खरा दोष वायरिंगमध्ये असेल तर तो नव्या गिअरबॉक्ससोबतही तसाच राहील.

इंजिनाच्या बाबतीत कोडनंतर कॉम्प्रेशनची, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो याची चाचणी होते. सर्व सिलिंडरचे आकडे जवळपास सारखे यायला हवेत. सर्वांत कमी आकडा सर्वांत जास्त आकड्याच्या ७५ टक्क्यांखाली गेला तर गंभीर समजावे असा सर्वसाधारण ठोकताळा आहे, मात्र निर्णायक मर्यादा त्या इंजिनाच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये दिलेली असते. कमी दाबाच्या सिलिंडरमध्ये थोडे ऑइल टाकून पुन्हा मोजल्यावर आकडा चढला तर गळती रिंगमधून असण्याची शक्यता जास्त. चढला नाही तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केटकडे पाहावे लागते. याहून बोलकी चाचणी गळतीची. पिस्टन वर आणून, दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना सिलिंडरमध्ये दाबाची हवा सोडतात आणि ती कुठून निसटते ते कान देऊन ऐकतात. हवा भरण्याच्या मार्गातून फुसफुस आली तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, ऑइल भरण्याच्या तोंडातून जोरात आली तर पिस्टन आणि रिंग, आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसले तर हेड गॅस्केट (ब्लॉक आणि त्यावरचे हेड यांच्यामधला गळती रोखणारा थर) किंवा तडा. या चाचणीच्या वेळी मालकाने विनंती करून जवळ उभे राहावे; तंत्रज्ञानाची फारशी ओळख नसलेल्या माणसालाही तिचा निकाल स्वतःच्या कानांनी कळतो.

तिसरी गोष्ट म्हणजे ऑइल. ऑइल फिल्टर कापून त्याची घडी उलगडली की बरेच काही दिसते: चुंबकाला चिकटणारे कण लोखंडाचे, न चिकटणारे चमचमीत पांढरट कण बहुधा पिस्टनच्या किंवा बेअरिंगच्या ॲल्युमिनियमचे, तांबूस छटा बेअरिंगच्या आतील थरापर्यंत झीज पोहोचल्याची खूण. गिअरबॉक्सच्या तळातील चुंबकावर राखाडी, मऊ लेप साचणे नेहमीचे आहे. बोटांना टोचणारे तुकडे मात्र नेहमीचे नाहीत. ऑइलचा दाब मीटरवरील दिव्यावर विसंबून न ठरवता यांत्रिक गेज लावून मोजावा, कारण कधीकधी बिघडलेला असतो तो फक्त दाबाचा सेन्सर.

इंजिन ऑइल खाते अशी तक्रार असेल तर वेगळा संयम लागतो. ठरावीक पातळीपर्यंत ऑइल भरून, सील लावून, ठरलेले किलोमीटर चालवून घट मोजतात. कंपन्यांनी मान्य केलेली मर्यादा सामान्य माणसाला आश्चर्य वाटावे इतकी सैल असते. मालकांसाठीच्या पुस्तिकेत ती बहुधा छापलेली असते, ती आधी वाचली तर वाद कमी होतो.

पाचवी पायरी: इंजिन उघडण्याची संमती

बाहेरून होणाऱ्या चाचण्या संपल्या की वर्कशॉप इंजिन किंवा गिअरबॉक्स उघडण्याची परवानगी मागते. सही करण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा आणि उत्तर लेखी घ्यावे: क्लेम नाकारला गेला तर उघडण्याची आणि पुन्हा बांधण्याची मजुरी कोणाची? बहुतेक ठिकाणी ती मालकाची असते, आणि उघडलेले इंजिन तसेच ठेवून वाद घालणे मालकाला फार अवघड जाते. उघडताना प्रत्येक टप्प्याची छायाचित्रे मागावीत आणि निर्णय होईपर्यंत काढलेले भाग फेकू नयेत असे लिहून द्यावे. मोठ्या क्लेमसाठी वर्कशॉपला कंपनीची पूर्वपरवानगी लागते आणि कंपनी तेच फोटो व मोजमापे पाहून निर्णय घेते. म्हणून वर्कशॉपमधील सर्व्हिस ॲडव्हायझरशी भांडण्यापेक्षा त्याने पाठवलेल्या अहवालात सर्व मोजमापे गेली आहेत ना, हे पाहण्यात वेळ घालवावा.

सहावी पायरी: दुरुस्ती की बदली

आता मूळ प्रश्नाकडे येता येते. दोष एका जागी बांधलेला असेल, त्यातून बाकीच्या यंत्रात काही पसरले नसेल आणि कारण सापडले असेल, तर दुरुस्ती चांगली. व्हॉल्व्ह कव्हरची गळती, टायमिंग चेनचा सैल टेन्शनर वेळेत पकडला जाणे, ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधील सोलेनॉइड (विजेवर चालणारा व्हॉल्व्ह) किंवा व्हॉल्व्ह बॉडी (ऑइलचा प्रवाह वळवून गिअर बदलणारा भाग), डिफरन्शियलचे ऑइल सील ही अशी कामे आहेत. यासाठी आख्खे इंजिन उतरवून नवे बसवणे म्हणजे कारखान्यात जुळवलेल्या कितीतरी जोडण्या, वायरिंगचे कनेक्टर आणि पाइप विनाकारण सोडवणे होय. नवे ते चांगलेच, ही समजूत येथे मालकाच्या विरोधात जाते.

हेड गॅस्केट सीमेवर उभे असते. गॅस्केट फुटले पण इंजिन जास्त तापले नाही, तर हेड सपाट आहे का हे सरळ पट्टी आणि फीलर गेज (फट मोजण्याच्या पातळ पट्ट्या) लावून तपासून, नवे गॅस्केट आणि नवे बोल्ट वापरून काम निभते. अनेक इंजिनांत हेडच्या पृष्ठभागाला मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजावा इतकाच वाक चालतो. इंजिन भरपूर तापले असेल तर मात्र हेडसोबत ब्लॉकचा पृष्ठभाग, सिलिंडरच्या भिंती आणि पिस्टनही तपासावे लागतात; ही मोजमापे न घेता केवळ गॅस्केट बदलून गाडी परत देणे म्हणजे तक्रार वॉरंटी संपेपर्यंत पुढे ढकलणे आहे.

बदलीचे पारडे जड होते ते धातूचे कण पसरले की. कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग खरवडले गेले तर त्याची पूड ऑइलसोबत क्रँकशाफ्टच्या अरुंद छिद्रांत, कॅमशाफ्टच्या जागांत, टर्बोच्या बेअरिंगमध्ये आणि ऑइल कूलरच्या जाळीत शिरते. एक बेअरिंग बदलून, ऑइल बदलून इंजिन सुरू केले तर दबा धरून बसलेली पूड नवे बेअरिंगही खाते. ब्लॉक पूर्ण सुटा करून, छिद्रे उघडून स्वच्छ करण्याची सोय वर्कशॉपमध्ये नसेल तर असेंब्लीच, म्हणजे जुळवून तयार आलेले संपूर्ण युनिटच बदलावे. हेच डिझेलच्या उच्च दाबाच्या पंपाचे: तो आतून झिजून कण सोडू लागला की रेल (दाबाखालचे डिझेल सर्व इंजेक्टरना पुरवणारी नळी), इंजेक्टर, पाइप आणि टाकीपर्यंत सगळी यंत्रणा दूषित होते. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे क्लच जळले असतील तर नव्या गिअरबॉक्ससोबत टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाचा जोर ऑइलमार्फत गिअरबॉक्सला देणारा भाग) बदलावा आणि ऑइल कूलर बदलावा किंवा निश्चितपणे धुवावा. जुन्या कूलरमधील गाळ नव्या गिअरबॉक्समध्ये सोडल्यावर जे नुकसान होते त्याचा दोष नव्या गिअरबॉक्सला देता येत नाही. ब्लॉकला भोक किंवा तडा, क्रँकशाफ्ट जळणे, गिअरबॉक्सचे आवरण फुटणे या प्रकारांत चर्चेला फारशी जागा नसते.

याशिवाय एक घटक कागदावर येत नाही, पण माझ्या मते तो खर्चाइतकाच महत्त्वाचा आहे: काम करणारा हात. इंजिन आतून बांधायला स्वच्छ जागा, अचूक मोजमापे, विशेष हत्यारे आणि बोल्ट अंशांत फिरवून ताणण्याची शिस्त लागते. जिथे आठवड्यातून एखादेच इंजिन उघडले जाते तिथे कारखान्यात बांधून आलेली असेंब्ली जास्त भरवशाची ठरते. कंपन्याही एकीकडे मजुरीचे तास आणि सुटे भाग, दुसरीकडे असेंब्लीची किंमत असा हिशेब करतातच. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स डीलरकडे न उघडता बदलण्याकडे कल असतो त्यामागे हेही कारण आहे.

सातवी पायरी: 'बदली' म्हणजे नेमके काय मिळणार

'इंजिन बदलून देऊ' या वाक्यात तीन-चार वेगळ्या गोष्टी लपतात. शॉर्ट ब्लॉकमध्ये ब्लॉक, क्रँकशाफ्ट, कनेक्टिंग रॉड आणि पिस्टन येतात. हेड जुनेच राहते. लाँग ब्लॉकमध्ये हेड, व्हॉल्व्ह आणि बहुधा कॅमशाफ्टही येतात. पूर्ण असेंब्लीत टर्बो, पंप, इंजेक्टर असे बाहेरचे भागही असतात, पण कुठले, हे पार्ट नंबरच्या यादीवरून पाहावे लागते. शिवाय भाग कोरा नवा असेल किंवा कारखान्यात पुनर्निर्मित केलेला असेल. अनेक वॉरंटीपत्रांत दुसऱ्याला स्पष्ट मुभा असते. कंपनीने मापांनिशी नव्याने बांधलेले पुनर्निर्मित युनिट घेण्यात कमीपणा नाही. दुसऱ्या गाडीतून काढलेले वापरलेले इंजिन ही मात्र वेगळी गोष्ट आहे, आणि वॉरंटीपत्रात मुभा नसेल तर ते स्वीकारू नये.

क्लेम नाकारला गेला तर

नाकारण्याची कारणे ठरलेली असतात आणि प्रत्येकाचा पुरावा मागता येतो. 'पाणी शिरले' असे म्हणणे असेल तर एअर फिल्टरवरील पाण्याच्या खुणा आणि वाकलेला कनेक्टिंग रॉड दाखवावा लागतो. रॉड वाकला की तो पिस्टन वरच्या टोकाला इतरांपेक्षा किंचित खाली राहतो आणि हे मोजता येते. हे सिद्ध झाले तर विषय वॉरंटीचा न राहता विम्याचा होतो, आणि विमा कंपनीला लगेच कळवणे आवश्यक असते. 'इंजिनाचे फेरे मर्यादेपलीकडे गेले' किंवा 'सॉफ्टवेअर बदलले' असा आरोप असेल तर संगणकातील नोंदीची प्रत मागावी. 'भेसळयुक्त इंधन' म्हणत असतील तर नमुन्याचा प्रयोगशाळेतील अहवाल मागावा. 'सर्व्हिस वेळेवर नाही' हा आक्षेप खोडायला तारखा, किलोमीटर आणि ऑइलचा दर्जा नमूद असलेली बिले लागतात. एक सर्व्हिस थोडी उशिरा झाली होती म्हणून गिअरबॉक्सचे सोलेनॉइड बिघडले असा तर्क कोणी मांडला, तर उशीर आणि बिघाड यांचा संबंध लेखी समजावून देण्यास सांगावे.

विजेच्या गाडीबद्दल थोडे

बॅटरी पॅकला सहसा स्वतंत्र वॉरंटी असते. अनेक कंपन्या ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर देतात आणि क्षमता ७० टक्क्यांखाली गेल्यास क्लेम मान्य करतात. एखादा मॉड्यूल किंवा सेल-गट कमजोर असेल तर मॉड्यूल बदलणे पुरेसे ठरू शकते, पण नवा मॉड्यूल बाकीच्यांशी क्षमतेने जुळणारा हवा. पॅकच्या आत पाणी शिरले असेल किंवा आवरण धडकेत वाकले असेल तर सहसा पूर्ण पॅक बदलतात. पॅक बदलून मिळाला तरी तो कोऱ्या पॅकच्या क्षमतेचा असेलच असे नाही. बिघाडापूर्वीच्या क्षमतेइतका पुनर्निर्मित पॅक देण्याची तरतूद पुष्कळ ठिकाणी असते. म्हणून गाडी परत घेताना मोजलेली क्षमता कागदावर घ्यावी. मोटरचे बेअरिंग आणि रिडक्शन गिअर यांना वरचाच न्याय लागू होतो.

शेवटची पायरी: गाडी ताब्यात घेताना

शून्य रकमेचे का होईना, बिल घ्यावे. त्यावर बसवलेल्या प्रत्येक भागाचा पार्ट नंबर, बिघाडाचे कारण आणि केलेल्या चाचण्या असाव्यात. बदललेल्या भागाला गाडीची उरलेली मुदतच लागू होते की स्वतंत्र मुदत मिळते, हे लिहून घ्यावे, कारण दोन्ही पद्धती प्रचलित आहेत. इंजिन किंवा ब्लॉक बदलला असेल तर नवा क्रमांक ब्लॉकवर प्रत्यक्ष पाहावा, आणि जिथे इंजिन क्रमांक नोंदणीपत्रावर असतो तिथे तो वाहन नोंदणी कार्यालयात व विम्याच्या पॉलिसीवर दुरुस्त करवून घ्यावा; हे राहून गेले तर गाडी विकताना किंवा अपघाताच्या क्लेममध्ये अडचण येते.

तंत्रज्ञासोबत गाडी निदान अर्धा तास चालवून पाहावी, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स पूर्ण तापतील. मूळ तक्रार ज्या परिस्थितीत येत होती ती मुद्दाम आणावी. परत आल्यावर खाली ऑइलची किंवा कूलंटची गळती आहे का ते पाहावे आणि स्कॅनर पुन्हा लावून कोड आले आहेत का हे तपासावे. नव्या किंवा पुनर्निर्मित इंजिनाला सुरुवातीला एकाच वेगाने लांब पल्ला चालवणे आणि जड भार टाळावा; पहिले ऑइल केव्हा बदलायचे हे वर्कशॉपकडून लिहून घ्यावे. तीच तक्रार परत आली तर नवे जॉब कार्ड उघडताना त्यावर आधीच्या जॉब कार्डचा क्रमांक टाकून घ्यावा, म्हणजे ती नवी तक्रार न धरता फसलेली दुरुस्ती म्हणून नोंदली जाते. तेव्हा असेंब्ली बदलण्याची लेखी मागणी थेट कंपनीच्या ग्राहक विभागाकडे, दोन्ही अहवाल जोडून पाठवावी.